एक मूठ भात, एक गोणी कागद

(कॉलेजच्या आवारातील प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज पाटी बाजूला ठेवा. आज नवा धडा घ्यायचा नाही. आज आपण कचऱ्याविषयी बोलणार आहोत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमचा सगळा दिवस कचरा काढण्यात जातो. संध्याकाळी वर्गातही कचराच का? म्हणणे खरे आहे. इथल्या मावशी वर्ग झाडतात, वसतिगृह झाडतात. कुणी मेसमध्ये भांडी घासतात. मामांपैकी कुणी बागेत आहेत, कुणी प्रयोगशाळेत शिपाई आहेत. कचरा म्हणजे काय, हे तुम्हाला आम्ही काय सांगावे? पण जे तुमच्या हातांना ठाऊक आहे, ते आज जरा नीट मांडून पाहू. त्यात तुमच्या प्रकृतीचा प्रश्न आहे, आणि तुमच्या पैशाचाही आहे.

प्रत्येक वस्तूला घर होते

आपल्यातले पुष्कळ जण खेड्यातून आले आहेत. जुन्या घरातून कचरा किती निघायचा, आठवून पहा. शेणाच्या गोवऱ्या होत. चुलीतली राख भांडी घासायला लागे. भाजीची देठे, उरलेसुरले अन्न गुरांपुढे जाई. जुन्या लुगड्यांची वाकळ शिवत. जरा बरे कपडे असले तर बोहारीण येई, कपडे घेई आणि भांडे देऊन जाई. उरला केर, पालापाचोळा आणि गोठ्यातली घाण. ती उकिरड्यात पडे, कुजे, आणि पावसाळ्याच्या आधी गाडीत भरून शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेसुद्धा पांग फिटतात, अशी आपल्यात म्हणच आहे.

आता यात गंमत पहा. त्या घरातही वस्तू टाकाऊ होत होत्या. पण प्रत्येक टाकाऊ वस्तूला जायला एक घर होते. कुणी शेण वाकळीत बांधून ठेवले नाही. कुणी राख गाईपुढे ओतली नाही. अडाणी म्हातारीसुद्धा ही चूक करीत नव्हती.

आणि आता कॉलेजात काय होते? चांगला बी.ए., एम.ए. होणारा मुलगा चहा पितो. पेला, बिस्किटाचा कागद, उरलेला वडा, पेनची रिकामी कांडी, सगळे एकाच डब्यात टाकतो आणि जातो. वस्तू वेगवेगळ्या असतात तोवर त्यांना वेगवेगळी नावे असतात. हा भात, हा कागद, ही बाटली. त्या एकत्र झाल्या की सगळ्यांचे नाव एकच होते, कचरा.

एक मूठ भात काय करते

कॉलेजात कागद फार निघतो. जुन्या उत्तरपत्रिका, जर्नले, नोटिसा, पुस्तकांची खोकी. समजा, मावशींनी ऑफिसातला कागद एका गोणीत भरला. गोणी कोरडी आहे. रद्दीवाला ती तोलून घेईल, पैसे देईल. तिथून कागद गिरणीत जाईल. गिरणीत तो पाण्यात भिजवतात, त्याचा लगदा करतात, लगदा धुतात आणि पुन्हा पातळ पसरून नवा कागद काढतात. कागद म्हणजे झाडाचे बारीक तंतू. दर वेळी ते थोडे आखूड होतात. तरी साधारण पाच ते सात वेळा तोच तंतू कामाला येतो.

आता त्याच गोणीत एक मूठ आमटीभात पडला. रात्रीत कागद ओला होतो. दुसऱ्या दिवशी भात आंबतो. तिसऱ्या दिवशी गोणीला वास सुटतो, अळ्या पडतात. रद्दीवाला गोणी उघडतो, नाक धरतो आणि सायकल वळवून निघून जातो. भात एक मूठ, पण गोणी सगळी गेली. तेलाचेही तसेच. लगद्यातली शाई गिरणीत धुऊन निघते. तेल तसे निघत नाही. म्हणून भज्यांचा तेलकट कागद कोऱ्या कागदात मिसळू नये.

उलट बाजूनेही पहा. बादलीभर भात आणि भाजीची साले आहेत. त्यात दाढीचे एक पाते पडले. आता ती बादली गुरांपुढे ठेवता येत नाही, आणि खताच्या खड्ड्यात हात घालायचीही भीती. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, म्हणतात ना, तसे हे झाले.

वस्तू टाकताना वेगळी करायला फक्त हात दोन वीत इकडे की तिकडे, एवढाच फरक पडतो. एकदा मिसळल्यावर मात्र कुणाला तरी त्यात हात घालून बसावे लागते.

मिसळलेला कचरा कुठे जातो

शहराची गाडी येते आणि कचरा उचलते. आवार स्वच्छ दिसते. पण कचरा संपला का? नाही. तो दुसऱ्याच्या दारात गेला.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या विहिरींचे पाणी बिघडले. गावकऱ्यांनी पुन्हा पुन्हा आंदोलने केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. मुंबईत देवनारला 1927 सालापासून कचरा पडत आला. तिथे कचऱ्याचे डोंगर झाले. 2016 सालच्या जानेवारीत त्या डोंगराला मोठी आग लागली. कित्येक दिवस धूर राहिला, आणि त्या भागातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

कचऱ्याला अशी आग का लागते? ओला कचरा ढिगाखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही. हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो. गोबरगॅसवर चूल पेटते ना? ती याच वायूवर. चुलीत तो कामाचा आहे. ढिगात मात्र तो आतल्या आत साठतो, आणि वर प्लॅस्टिक, कागद असतोच. ठिणगी पडायचा अवकाश. मेसमधला टाकलेला भात असा चाळीस कोसांवर जाऊन आग लावू शकतो.

हात कुणाचे?

हा ढीग वेगळा कोण करते? बहुतेक ठिकाणी बाया करतात. काच लागते, सुई टोचते, कुजक्यात हात घालून कातडीचे आजार होतात. टोचलेल्या सुईवाटे काविळीसारखा रोग अंगात शिरू शकतो. एवढे करून जे प्लॅस्टिक, कागद हाती येते, ते घाणीने माखलेले असते आणि म्हणून भाव कमी मिळतो. म्हणजे कष्ट जास्त आणि दाम कमी.

या बाबतीत पुण्यात झालेली एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी. ती आपल्यासारख्याच वर्गातून सुरू झाली. 1990 च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातली मंडळी कचरा वेचणाऱ्या बायांमध्ये काम करू लागली. नुसती अक्षरे शिकवून या बायांचा प्रश्न सुटणार नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. घरातच वेगळा केलेला कचरा बायांना मिळाला, तर उकिरड्यात हात घालावा लागणार नाही, असे त्यांनी ठरवले. लोकांशी बोलून तसे करून पाहिले. पुढे 1993 साली या कष्टकऱ्यांची संघटना उभी राहिली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. हमालांचे पुढारी डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. पुढे महापालिकेने या बायांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. 2008 साली त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. सुक्या कचऱ्यातली विकण्याजोगी वस्तू विकून येणारे पैसे त्यांचे, ही गोष्ट त्यात मान्य झाली.

पहा, अक्षरओळख झाली, मग हिशेब कळला, मग एकी झाली, मग हक्क मिळाला. आपणही याच वाटेवर आहोत.

चार भाग

आता आपल्या आवाराकडे येऊ. 2016 साली केंद्र सरकारने घनकचऱ्याचे नियम केले. कचरा जिथे तयार होतो तिथेच तो वेगळा करावा, असे त्यांत घातले. आपण आपल्या सोयीसाठी चार भाग लक्षात ठेवू.

पहिला भाग, ओला कचरा. जे कुजते ते ओले. उरलेले अन्न, भाजीची साले, चहाचा चोथा, अंड्याची टरफले, देवाची फुले. याला हिरवा डबा.

दुसरा भाग, सुका कचरा. कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, पत्रा, काच. याला निळा डबा. यात एक अट आहे. वस्तू कोरडी आणि रिकामी हवी. दुधाची पिशवी विसळून वाळवावी. बाटलीतले पाणी ओतून द्यावे. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून वेगळी ठेवावी. आता तुम्हाला लिहिता येते. तो एक शब्द कुणाचा तरी हात वाचवील.

तिसरा भाग, वापरलेले सॅनिटरी पॅड, जखमेच्या पट्ट्या. मुलींच्या वसतिगृहात हा प्रश्न रोजचा आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण ते उघडे टाकणे बरे नाही. कागदात गुंडाळावे आणि वर तांबड्या शाईचा ठिपका काढावा. कचरा वेचणाऱ्या बायांनीच ही लाल ठिपक्याची खूण मागितली, म्हणजे पुडके न उघडता आत काय आहे ते कळते.

चौथा भाग, धोक्याचा कचरा. जुने सेल, बॅटऱ्या, मोबाइलचे चार्जर, जुनी औषधे, रंगाचे डबे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती फोडली की पाऱ्याची वाफ नाकात जाते. म्हणून ट्यूब कधी फोडू नये, उभी ठेवावी. प्रयोगशाळेतली रसायने मोरीत ओतायची नाहीत, आणि त्यांच्या बाटल्या घरी पाण्याला न्यायच्या नाहीत. ते काम प्रयोगशाळेच्या गुरुजनांचे आहे. त्यांना तसे विचारावे. आणखी एक. प्रयोगशाळेतल्या परीक्षानळीची काच उष्णता सोसणारी असते. साध्या बाटलीच्या काचेबरोबर ती भट्टीत नीट वितळत नाही. तिला बाटल्यांत मिसळू नये.

आता काही फसव्या वस्तू सांगतो. चहाचा कागदी पेला कागदाचा दिसतो. पण त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळला असता. तो रद्दीत चालत नाही. वेफरच्या चकचकीत पाकिटात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेले असते. ते सहज सुटत नाहीत, म्हणून भंगारवाला ते घेत नाही. ही पाकिटे सुक्यातच, पण वेगळ्या पिशवीत ठेवावी. याउलट थंड पेयाचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा दिसला तर सोडू नये. खनिजापासून नवे अ‍ॅल्युमिनियम काढायला जेवढी शक्ती लागते, तिच्या साधारण विसाव्या हिश्श्यात जुना डबा वितळून नवा होतो. म्हणून त्याला भाव आहे.

आणि प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ उलटा करून पहा. एक त्रिकोण असतो आणि त्यात एक आकडा असतो. पाण्याच्या बाटलीवर 1 असतो. फिनेलच्या जाड बाटलीवर बहुधा 2 असतो. झाकणाच्या डब्यावर पुष्कळदा 5 असतो. थर्माकोल 6 मध्ये येतो. 1, 2 आणि 5 यांना भंगारात सहसा गिऱ्हाईक असते. हा आकडा प्राध्यापकांनीही क्वचितच वाचला असेल. तुम्ही वाचा.

खताचा खड्डा

ओला कचरा आवाराबाहेर जायची गरजच नाही. जरा हिशेब करू. समजा, मेसमध्ये 300 मुले जेवतात. एकेकाच्या ताटात 50 ग्रॅम अन्न उरले. 300 गुणिले 50, म्हणजे 15,000 ग्रॅम, म्हणजे रोजचे 15 किलो. महिन्याचे झाले 450 किलो. पहिली गोष्ट, मुलांनी पानात टाकूच नये. अन्न हे पूर्णब्रह्म म्हणतो ना आपण? पण जे उरते त्याचे खत करावे.

मामा बागेतला पाला गोळा करून पेटवून देतात. ते थांबवा. 2016 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. शिवाय तो पाला तर आपल्या खताची अर्धी भिस्त आहे. कुजणाऱ्या ढिगाला ओले अन्नही लागते आणि कोरडा पालाही लागतो. एक बादली ओला कचरा, त्यावर दोन-तीन बादल्या वाळका पाला, असे थर द्यावेत. वर नेहमी पाला असावा, म्हणजे माशा आणि उंदीर येत नाहीत. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर हवा. आठवड्याने खालवर करावा. तेव्हा आतून वाफ निघाली तर समजा काम नीट चालले आहे. घाण वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. पाला घाला आणि ढीग मोकळा करा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत होते, आणि त्याला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो.

हे काही परक्याचे शास्त्र नाही. इंदूरच्या शेतकी संशोधन संस्थेच्या आवारात सर आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातल्या टाकाऊ मालाचे खत करण्याची रीत नीट बसवली, आणि 1931 साली तिच्यावर पुस्तक लिहिले. 'इंदूर पद्धत' म्हणून ती जगभर गेली. तिचे मूळ आपल्या आणि पूर्वेकडच्या शेतकऱ्यांच्या उकिरड्यातच होते.

दोन डबे आणि एक गाडी

आता जरा कडू बोलतो. पुष्कळ संस्थांत असे दिसते की डबे रंगीत मांडलेले असतात, पाट्या लागतात, फोटो निघतात. आणि संध्याकाळी हिरवा डबाही त्याच गाडीत आणि निळा डबाही त्याच गाडीत. मुले हे पाहतात. मग ती म्हणतात, शेवटी एकच होणार, तर वेगळे कशाला टाकायचे? त्यांचे चुकते असे कसे म्हणावे? साखळीतली एक कडी तुटली की पुढची सगळी मेहनत फुकट.

म्हणून तीन गोष्टी कॉलेजच्या चालकांकडे मागायला हव्यात, आणि त्या आपण सगळ्यांनी मिळून मागाव्यात. एक, ओला आणि सुका नेणाऱ्या ढकलगाड्या वेगळ्या असाव्यात. दोन, हातमोजे, बूट आणि हात धुवायला साबण मिळावा. तीन, एक काटा आणि एक वही मिळावी.

वही कशाला? रोज संध्याकाळी तोलायचे आणि लिहायचे. तारीख. ओला किती किलो. सुका किती किलो. मिसळलेला किती, आणि कुठल्या इमारतीतून आला. वही तुम्ही लिहायची, कारण तोलणारे तुम्ही. महिन्याने ती प्राचार्यांसमोर ठेवायची. मावशीने तोंडाने सांगितले की अमुक वसतिगृह कचरा मिसळते, तर मुले वाद घालतील. वहीत तीस दिवसांचे आकडे असले, तर वाद कुणाशी घालणार?

त्याच वहीत भंगाराचे पैसे लिहायचे. कोणता माल, किती वजन, काय भाव, किती पैसे. हे पैसे कुणाचे, हा प्रश्न आजपर्यंत कुणी उघड विचारला नाही, आणि म्हणून त्यावरून कुजबुज होते. आमचे मत असे की जे हात माल वेगळा करतात, त्या हातांचे ते पैसे आहेत. चालकांनी दुसरे काही ठरवायचे असेल तर सर्वांसमोर ठरवावे आणि लिहून द्यावे. लिहिलेले असले की तुम्हाला आता ते वाचता येईल.

शिकलेल्याला कोण सांगणार?

कुणी म्हणेल, गुरुजी, हे सगळे ठीक. पण साहेबाने भाताच्या डब्यात कागद टाकला तर त्याला आम्ही कसे बोलावे? नोकरी आमची, मान त्याचा. ही अडचण खरी आहे. ती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. म्हणूनच वही हवी, पाटी हवी, आणि कॉलेजचा लेखी नियम हवा. मग मावशीला भांडावे लागत नाही. तिने एवढेच म्हणायचे, "दादा, हा कागद निळ्या डब्यात टाका." नियम कॉलेजचा आहे, तिचा नाही.

आणि लक्षात घ्या, कॉलेजातल्या मुलांना हे सांगणे म्हणजे त्यांचा अपमान नव्हे. संत गाडगेबाबा शाळा शिकले नव्हते. हातात खराटा घेऊन ते गावे झाडीत, आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातली जळमटे झाडीत. 1956 साली ते वारले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पदव्या देणाऱ्या कागदावर खराटा हाती घेणाऱ्याचे नाव छापले जाते. तेव्हा आपल्या कामाला कुणी हलके म्हटले, तर मान खाली घालू नका. केर करणारा हलका असतो, केर काढणारा नाही.

आता उद्याचे काम. प्रत्येकाने तीन बाटल्यांचे तळ पाहून त्रिकोणातले आकडे पाटीवर लिहून आणावेत. आणि आपल्याला आवारासाठी पाट्या करायच्या आहेत. छापील पाट्या आणायच्या नाहीत. पुठ्ठा आम्ही आणतो, रंग आणतो. अक्षर तुमचे. मेसच्या डब्यावर लिहा, 'भात इथे'. ऑफिसच्या डब्यावर लिहा, 'कोरडा कागद इथे'. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात लिहा, 'फुटकी काच, हात लावू नये'. अक्षर वाकडे आले तरी चालेल. वाचणाऱ्याला कळले म्हणजे झाले.

एवढे बोलून आम्ही थांबतो.